बंद खिडकीची घट

लग्न होऊन हुपरीला आल्यावर सासूनं वैजयंताला सगळ्यात आधी शिकवलं ते केर काढायला. भाकरी, आमटी, पैपाहुणा हे सगळं नंतर.

"तुमच्या गडहिंग्लजात केर दाराकडं लोटत असतील," सासू म्हणाली. "हितं दाराकडनं आत लोटायचा. उंबऱ्याच्या भाईर कण गेला न्हाई पायजे."

वैजयंताला वाटलं, आपल्याला दिलं ते घर बरं आहे, पण म्हातारीचं डोकं जरा हललेलं दिसतंय. मग दुपारी सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, ऊन आलं आणि कोपऱ्यातला तो केराचा ढीग मंद चमकायला लागला. तेव्हा तिला उमगलं की या घरात केरसुणीलासुद्धा जपून वागावं लागणार.

सोपा म्हणजेच कारखाना. सासरे आणि नवरा, श्रीपतराव, तिथं मांडी घालून पैंजणं करत. चांदी त्यांची नसायची, सराफाची असायची. वजन करून आणायची, आटवायची, तारा ओढायच्या, कड्या जोडायच्या, कानशीनं घासायची, आणि पैंजणं झाली की पुन्हा वजन करून परत द्यायची. मधल्या मधे जी थोडी कमी भरते तिला म्हणायचं घट. चांदीकामात घट येतेच, सराफही ती धरूनच चालतो. पण किती येते यावर कारागिराची गावात पत ठरते.

म्हणून त्या घरात हात धुतलेलं पाणी घंगाळात साठवत. कामाचे कपडे फाटले की जाळत आणि राख डब्यात भरत. पाय पुसायचं पोतं, झिजलेले कुंचले, फुटक्या मुशींची खापरं, सगळं वर्षभर जमवायचं आणि दिवाळीच्या तोंडावर झारेकऱ्याच्या हवाली करायचं. झारेकरी म्हणजे केरातून चांदी काढणारा. तो ते सगळं धुऊन, गाळून, आटवून चांदीची गोळी आणून द्यायचा. मातीची जमीनसुद्धा वर्षातून एकदा वरवर खरवडून त्यालाच द्यायची आणि नव्यानं सारवायची.

श्रीपतराव तर सगळ्यांच्या पुढं एक पाऊल. गल्लीकडच्या बाजूला सोप्याला एक खिडकी होती. ती त्यांनी बंद केली, फटींत चिंध्या कोंबल्या, आणि पंखा काढून माळ्यावर टाकला. वाऱ्यानं चांदीचा कीस उडतो, असं त्यांचं म्हणणं. वैशाखातसुद्धा दार लावून, भट्टीपुढं घामानं निथळत बसायचे. घाम पुसायचं फडकंही शेवटी त्या राखेच्या डब्यातच जायचं.

आणि इतकं करून दर पाडव्याला जमाखर्च लावला की ज्वारीच्या दाण्याएवढी चांदी कमी यायची.

ते खरंच ज्वारीचा एक दाणा तळहातावर घेऊन बसत. "एवढी गेली. सगळं झाडलं, गाळलं, जाळलं. मग गेली कुठं गं?"

"माझ्या पोटात गेली. घ्या कापून," वैजयंता म्हणायची.

त्यांना हसू यायचं नाही. बाकी सगळ्या गोष्टींना यायचं, या एका गोष्टीला नाही.

ती हुपरी आता राहिली नाही. पूर्वी सकाळी गल्लीतून चाललं की घराघरातून हातोडीची टकटक यायची, आणि बायका घुंगरं पाखडायला बसल्या की सुपातून सुपात जोंधळा ओतल्यासारखा आवाज, फक्त त्या जोंधळ्याला हसू फुटलेलं. आता गल्लीत शांतता असते. पोरी स्टीलची पैंजणं घालतात. ती वाजतात, पण बोलत नाहीत.

चांदी संपली म्हणतात, ते तितकंसं खरं नाही. चांदी संपत नाही, पातळ होते. सगळ्या धातूंत वीज सगळ्यात सहज वाहते ती चांदीतून. म्हणून सोलरच्या प्रत्येक पाटीवर केसाहून बारीक अशा चांदीच्या रेघा ओढाव्या लागतात. एका पाटीला लागते चिमूटभर, पण घरांची छपरं, शेतांचे बांध, धरणांची पाठ, जिथं ऊन पडेल तिथं पाट्या आल्या. मग गाड्यांच्या नव्या बॅटऱ्या आल्या, त्यांनाही चांदीच हवी. खाणीतून जास्त काढा म्हणावं, तर चांदीच्या अशा खाणी जगात थोड्याच. तांबं, शिसं, जस्त काढताना त्यांच्या मागोमाग येते तीच बहुतेक चांदी. तिचा भाव दसपट झाला म्हणून तांब्याची खाण कुणी दसपट खणत नाही.

परदेशातल्या मोठ्या तळघरांत चांदीच्या विटांच्या थप्प्या होत्या म्हणतात, आणि एकेका विटेवर कागदोपत्री दहा-दहा मालक. एके वर्षी कारखानदार म्हणाले, कागद राहू दे तुमच्याकडं, आम्हाला वीट द्या. थप्प्या उतरत गेल्या. एक दिवस टीव्हीवर असं एक तळघर दाखवलं. रिकाम्या फळ्या आणि एक पहारेकरी. वैजयंताला त्या पहारेकऱ्याचीच दया आली. बिचारा कशाची राखण करत होता कोण जाणे.

मग कायदा आला. चांदीचे नवे दागिने करायचे नाहीत, कुणी चांदी दडवून ठेवायची नाही, आणि जिथं जिथं चांदीकाम झालं असेल तिथली माती तपासून द्यायची. ही माती तपासायच्या कामावर वैजयंताची मुलगी केतकी होती. जिवाणूशास्त्र शिकून ती पुण्याच्या एका संस्थेत लागली होती.

"श्रीपतीची पोरगी शिकून-सवरून झारेकरीण झाली," शेजारचे जुने चांदी कारागीर भूपालअण्णा गावभर सांगत सुटले होते. आणि खरं सांगायचं तर ते चूकही नव्हतं.

केतकी आली ती दोन मोठे कॅन, नळ्यांची वेटोळी आणि एक काळी छत्री घेऊन. तिला पाचवा महिना लागला होता, त्यामुळे वैजयंतानं कॅन तिच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतले.

"हलके आहेत गं आई."

"असू देत. काय हाय ह्यात? ताक?"

केतकी हसली. "तसंच काहीसं."

तिनं समजावलं ते असं. चांदी हे जंतूंचं विष. म्हणून पूर्वीचे लोक पिण्याच्या पाण्यात चांदीचं नाणं टाकायचे. पण हुपरीच्या गटारात पिढ्यान्पिढ्या चांदीचं धुवण गेलं. बाकीचे जिवाणू त्यात मेले, एक जात तगली. या जिवाणूनं चांदीशी तह केला. पाण्यातली, मातीतली चांदी तो आत ओढून घेतो आणि आपल्याच अंगावर बारीक स्फटिकांत कोंडून ठेवतो, म्हणजे ती बाधत नाही. संस्थेनं तोच गटारातला जिवाणू वाढवला आणि त्याच्यात एक बारकीशी करामत केली. चांदी भेटली की तो उजळतो. आधी पातळ द्रावण शिंपडून बघायचं. जिथं उजळेल तिथं दाट द्रावण ओतायचं, आठवडाभर हलवायचं नाही, आणि मग नळीनं सगळं ओढून घ्यायचं. चांदी त्यांच्याबरोबर बाहेर येते. जमीन खणायला लागत नाही, झाडांना धक्का लागत नाही.

"म्हंजे विरजण की," वैजयंता म्हणाली. "हलवायचं न्हाई, झाकून ठेवायचं."

"विरजणच म्हण. सगळ्या गावात तेच म्हणतात."

तोवर भूपालअण्णा आपली खुर्ची घेऊन आलेच. वय ऐंशीच्या घरात, पण गल्लीत काही घडतंय आणि अण्णा तिथं नाहीत, असं होत नाही. त्यांच्या पाठोपाठ आणखी चार जण अंगणाच्या कडेला उभे राहिले. श्रीपतरावांचा सोपा म्हणजे चांदीची खाण निघणार, अशी सगळ्यांची अटकळ होती.

केतकीनं सोप्यात द्रावण शिंपडलं, छत्री आडवी धरून अंधार केला आणि वाकून बघितलं. मग कोपरा बघितला. मग भट्टीची जागा. मग उंबरा.

"काय गं?" अण्णांनी बाहेरून विचारलं. "सापडलं काय घबाड?"

"काही नाही अण्णा. इतकी स्वच्छ जमीन सबंध गावात कुठं मिळाली नाही. थोडीशी चमक आहे, बस."

वैजयंताला एकदम नवऱ्याचा अभिमान वाटला आणि लगेच हसूही आलं. मरून अकरा वर्षं झाली, तरी सरकारच्या हाती कण लागू देत नाहीत.

"मग अंगण बघ की," अण्णा म्हणाले. "त्याच्या हातचं पाणी अंगणात तरी पडलं असंल."

केतकीनं अंगणभर शिंपडलं. तुळशीपाशी काही नाही, मोरीपाशी किंचित. मागच्या भिंतीजवळ सोनचाफा होता, तिथं ती छत्रीखाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. वैजयंता जवळ गेली. छत्रीच्या अंधारात चाफ्याच्या बुंध्याभोवती निळा उजेड पसरला होता. गॅसच्या बारीक ज्योतीसारखा, पण गार.

अण्णा खुर्चीवरून उठून आले होते. त्यांनीही पाहिलं. मग अण्णा बोलले, अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसं.

"म्हंजे खिडकी त्यासाठी लावत हुता व्हय."

यामागं एक जुनी गोष्ट होती. श्रीपतराव चाळिशी ओलांडलेले असताना सराफांच्या बैठकीत त्यांच्या घटीचा विषय निघाला. घट फार नव्हती, इतरांहून कमीच होती. पण जो माणूस घामाचं फडकंसुद्धा जाळतो त्याला घट येतेच कशी? आणि दर वर्षी येते? तेव्हा याच भूपालअण्णांनी भर बैठकीत विचारलं होतं, "श्रीपती, खिडकी लावून, दाराला कडी घालून आत काय करतोस, ते एकदा आम्हाला बघू दे की."

लोक हसले. अण्णांनाही ती चेष्टाच वाटली असावी. पण पुढच्या महिन्यापासून सराफांनी श्रीपतरावांच्या हाती चांदी द्यायचं हळूहळू कमी केलं. कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. नंतर ते दुसऱ्यांच्या पैंजणांना डाग द्यायचं, म्हणजे जोडकाम करायचं काम करत राहिले, खिडकी बंदच ठेवून. वैजयंता म्हणायची, "आता तरी उघडा ती. लोक काय काय बोलतात." ते म्हणायचे, "उघडली तर लोक म्हणतील, बघा, आता चोरायचं थांबला."

लोक पांगल्यावर माय-लेकी स्वयंपाकघरात बसल्या. वैजयंतानं चहा टाकला. केतकी ओट्याला टेकून उभी होती, बोटानं ओट्यावर रेघा ओढत.

"आई, मी शून्य लिहू शकते."

"कसलं शून्य?"

"चाफ्यापाशी चांदी नाही म्हणून. माझं लिहिलेलं पुन्हा कुणी तपासणार नाही. नंतर आपण सावकाश... म्हणजे, जे असेल ते असेल. बाळाला वाळे तरी होतील. आपल्या घरचे. आता कुणाच्या बाळाला चांदीचे वाळे मिळत नाहीत."

वैजयंताच्या डोळ्यांपुढं क्षणभर ते वाळे आलेच. बारशाला पायात चढवायचे, बाळ पाय झाडतं तेव्हा खुळखुळ करणारे. या घरानं सगळ्या मुलखाच्या पोरांचे पाय वाजवले. मग तिनं मुलीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला वाळ्यांपेक्षा दुसरंच काही दिसलं.

"केतके, तिथं काय हाय ठाऊक हाय न्हवं तुला?"

"बाबांची रक्षा."

हुपरीत अलीकडं रक्षा नदीत सोडत नाहीत. पाणी घाण होतं म्हणून घरच्या जागेत खड्डा काढून त्यात ठेवतात आणि वर झाड लावतात. चांदीच्या माणसावर सोनचाफा लावला म्हणून तेव्हा वैजयंतालाच हसू आलं होतं, रडता रडता.

"आणि तरी तुला वाटतं, त्यांनी तिथं चांदी पुरली हुती."

केतकी पुन्हा बोटानं ओट्यावर रेघा ओढायला लागली.

"सांग की. वाटतं न्हवं?"

"मला वाटत नाही गं आई. पण जिवाणूंना... म्हणजे, इतका उजेड राखेला येत नाही. मला त्याचं उत्तर माहीत नाही. आणि ते उत्तर वाईट निघालं, तर ते माझ्या हातून निघायला नको आहे."

चहा उतू गेला. वैजयंतानं गॅस बंद केला, फडक्यानं ओटा पुसला, फडकं पिळलं, खुंटीला अडकवलं. एवढं सगळं शांतपणे केलं.

"जन्मभर त्यांनी एकच गोष्ट विचारली. गेली कुठं. आता पहिल्यांदा कायतर सापडालंय, आणि तू म्हणतीस, बघायलाच नको. लाव विरजण."

"आई, पण जर..."

"जर काय? चोर निघाले तर निघाले. माझेच हायत. लाव."

विरजण लावलं. चाफ्याभोवती दाट, करडं द्रावण ओतून वर ताडपत्री घातली. केतकी दुसऱ्या गावातलं काम बघायला गेली, आणि वैजयंता त्या ताडपत्रीबरोबर आठवडाभर घरात एकटी राहिली.

बाहेर बोलताना ती ठाम असायची. दूध आणायला गेल्यावर कुणी "काय वैजाक्का, कुठवर आलं?" म्हटलं की ती म्हणायची, "दही न्हवं ते, लवकर व्हायला." पण घरात आल्यावर सोप्याच्या दारात उभी राहायची. खिडकी तशीच बंद होती. चिंध्यांचा रंगही आता ओळखू येत नव्हता. कडी लावून ते आत बसत, ही गोष्ट तर खरीच होती. ती स्वतः तरी किती वेळा आत गेली होती? चहा नेला तर दार किलकिलं करून हात बाहेर यायचा.

तो हात तिला स्पष्ट आठवला. नखं निळसर, शिसपेन्सिलीनं रंगवल्यासारखी. लग्नात श्रीपतराव गोरेपान होते, तिच्याहून उजळ, आणि यावरून तिची टिंगल व्हायची. पुढं त्यांचं तोंड पाटीसारखं करडं-निळं होत गेलं. गल्लीतली पोरं त्यांना निळूअण्णा म्हणायची. कोल्हापूरला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांना काही सापडलं नाही. "हरीचा रंग हाय," असं म्हणून श्रीपतरावांनी तो विषय मिटवला. पण दिवाळीच्या अभ्यंगाला ती त्यांच्या पाठीला उटणं लावायची, तेव्हा पाठ तशीच्या तशी गोरी असायची, नवरदेवाच्या पाठीसारखी. तोंड एका माणसाचं आणि पाठ दुसऱ्याची. ती म्हणायची, "तुम्ही फिरून बसत जा हो. मागनंच बरे दिसता."

हे आठवून ती सोप्याच्या दारात एकटीच हसली, आणि मग तिला इतकं एकटं वाटलं की ती जाऊन चाफ्यापाशी बसली.

केतकी आली तेव्हा तिनं द्रावण ओढून घेतलं, थोडं स्वतःकडं ठेवून बाकी सगळं संस्थेला पाठवलं, आणि तिथून निकाल येईपर्यंत घरीच थांबली. निकाल फोनवर आला. केतकी ऐकत होती, मधेच "पुन्हा सांगा" म्हणत होती. फोन ठेवल्यावर ती आईसमोर जमिनीवरच बसली. पाचव्या महिन्यात अशी धपकन बसू नकोस, असं वैजयंता म्हणणार होती, पण मुलीचं तोंड बघून थांबली.

"आई, कुणी चांदी पुरली तर ती कशी असेल? तुकडा असेल, नाहीतर कानशीचा कीस. कीस कितीही बारीक असला तरी डोळ्यांना दिसतो. ही तशी नाही. ही हाडांच्या राखेत, हाडांच्या चुन्यात मुरलेली आहे. आणि हिच्यासोबत सेलेनियम म्हणून एक मूलद्रव्य आहे. चांदी माणसाच्या अंगात गेली की ती त्याला धरून बसते. मातीत पुरलेल्या चांदीत हे असं मिळत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे ही चांदी खड्ड्यात ठेवलेली नाही. बाबांबरोबर आली. बाबांच्या अंगात होती."

केतकी पुढं सांगत गेली.

"आटवताना वाफ होते, घासताना बारीक धूळ होते. ती श्वासातून आत जाते. थोडी रक्तात, थोडी हाडांत, थोडी कातडीत. कातडीतल्या चांदीवर ऊन-उजेड पडला की ती काळवंडते. जुन्या काळी फोटो असेच निघायचे, चांदीवर उजेड पाडून. म्हणून बाबांचं तोंड आणि हात निळे होते. जे कपड्याखाली..."

"पाठ गोरी हुती," वैजयंता म्हणाली.

"हो ना?"

"आणि खिडकी?"

"खिडकी उघडी असती, पंखा असता, तर ती बाहेर उडून गेली असती. बाकीच्या लोकांची उडून गेली. बाबांनी तिला जायला दुसरी वाटच ठेवली नाही."

वैजयंताच्या डोळ्यांपुढं दर पाडव्याचा तो ज्वारीचा दाणा होता. झाडलं, गाळलं, जाळलं. अख्खं घर उलटंपालटं करून शोधलं, आणि शोधणारा माणूसच तेवढा शोधायचा राहिला. तिला म्हणावंसं वाटलं, अहो, मी म्हणत हुते न्हवं, पोटात गेली म्हणून, फक्त पोट चुकलं. आणि मग तिनं पदर तोंडावर घेतला, आणि केतकीनं तिला रडू दिलं.

संस्थेनं पाठवलेली चांदी दोन दिवसांनी डबीतून आली. आता ती केतकीनं सरकारी गोदामात जमा करायची होती. लहानशा बोराएवढी गोळी. वैजयंतानं भूपालअण्णांना बोलावणं पाठवलं. या वेळी ते खुर्ची न घेताच आले.

केतकीनं त्यांना सगळं सांगितलं. ते खाली मान घालून ऐकत होते. मग वैजयंतानं गोळी त्यांच्या हातावर ठेवली. चांदीच्या माणसाचा हात, त्यांनी ती नकळत दोनदा तोलून पाहिली.

"दाणा-दाणा करून एवढी झाली व्हय," ते म्हणाले.

"वर्षाला एक दाणा."

"वैनी, मी त्या दिवशी बैठकीत काय म्हणालो हुतो..."

"गल्लीला पाठ हाय ते. पुन्हा म्हणायला नको."

अण्णांनी गोळी केतकीला परत दिली. त्यांचे स्वतःचे पंखे, स्वतःच्या उघड्या खिडक्या, चांगली ऐंशीला पोचलेली छाती, हे सगळं त्यांच्या डोळ्यांत येऊन गेलं असावं. "काय करू सांगा," ते म्हणाले. "जाऊन सराफांत सांगू? आता सराफ तरी कोण राहिलेत म्हणा."

"जे राहिलेत त्यांना सांगा. चहाच्या टपरीवर सांगा. तुमचं तोंड हाय, दवंडी वेगळी कशाला." वैजयंता उठली. "आणि आधी एक काम करा. ती खिडकी उघडा. गंजलीय, मला झेपत न्हाई."

अण्णा सोप्यात गेले. चिंध्या एकेक करून ओढून काढायला त्यांना वेळ लागला. कडी निघेना, तेव्हा त्यांनी हातोडी मागितली. श्रीपतरावांचीच हातोडी होती, ती हातात घेताना ते थोडे थांबले.

तोवर केतकीनं गोळी डबीत ठेवली होती, पण झाकण लावत नव्हती.

"आई, अजून विचार कर. मी अर्ज करू शकते. रक्षेतली म्हणून सवलत मागू. वाळे नाहीतर नाही, नुसती ठेवायला तरी."

"ती आपली न्हाई बाळा. सराफाची चांदी घरात असली की त्यांना कधी झोप लागली न्हाई. ज्याची त्याला दिली तवाच झोपले. ही तेवढी द्यायची राहिली हुती." तिनं स्वतःच झाकण लावलं. "ह्याचं काय करतात आता?"

"रेघा. सोलरच्या पाटीवर. हल्ली एवढ्यात एक-दोन पाट्या होतात. पण कुठल्या ते सांगता येणार नाही, सगळी एकत्र आटवतात."

"कुठं का असंना." वैजयंतानं डबी मुलीच्या हातात दिली. "उन्हात बसायला त्यांना कधी जमलं न्हाई. आता बसतील जन्मभर."

केतकी हसली, आणि हसता हसता तिचा हात पोटावर गेला. तेवढ्यात सोप्यातून हातोडीचा आवाज आला. टक. टक. मग लाकूड करकरलं आणि खिडकी उघडली. गल्लीतला उजेड जमिनीवर लांब पडला, बरोबर जिथं मांडी घालून बसायची त्यांची जागा होती तिथं. पाठोपाठ वारा आत आला.

वैजयंता खिडकीपाशी गेली. चौकटीच्या आतल्या बाजूला इतक्या वर्षांची धूळ बसली होती. मऊ, करडी, आणि उजेड पडल्यावर मंद चमकणारी. तिचा हात सवयीनं कुंचल्याकडं गेला. कुंचल्यानं गोळा करायची, कागदावर घ्यायची, डब्यात भरायची. हात अर्ध्यावर थांबला.

मग ती वाकली आणि तिनं एक लांब फुंकर मारली. धूळ उडाली, उन्हात क्षणभर लखलखली आणि गल्लीत निघून गेली.

"आई!" केतकी मागून ओरडली. "अगं, चांदी होती ती!"

"जाऊ दे," वैजयंता म्हणाली. "तेवढी घट चालते."